परटाच्या शेताच्या वाटेवर

मे 2025 मधल्या त्या चार रात्री आपल्या गावात कोणालाच धड झोप लागली नाही. 22 एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला, 7 मेच्या पहाटे आपल्या सैन्याने सीमेपलीकडे मारा केला, आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा जो सराव ठरला होता त्याच्या यादीत सिंधुदुर्गाचंही नाव आलं. नाव आलं, एवढंच. शिरोड्यात काही घडलं नव्हतं. वेळागरचा समुद्र होता तसाच होता, मिठागरांत पावसाआधीचं शेवटचं मीठ ओढणं चाललं होतं. पण तिन्हीसांजा झाल्या की माणसं फोन घेऊन खळ्यात बसायची आणि एकेक बातमी मोठ्याने वाचायची.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या काकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे अख्खं गाव मला बाई म्हणतं. काकी म्हणाल्या, "बाई, ह्या सगळा तुमच्या बायबलात आधीच लिवलेला आसा मां? मगे आता काय होतला, ता सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. फोनला मात्र येत होतं. यशयाच्या सतराव्या अध्यायात दिमिष्काचा नाश सांगितलाय, यहेज्केलात उत्तरेकडून शत्रू येणार असं आहे, म्हणून आता अमुक होणार, मग तमुक होणार, असे व्हिडिओ एकामागून एक येत होते. काही मराठीत, काही हिंदीत, आणि शेवटी दान कुठे पाठवायचं त्याचा नंबर. आमच्याच चर्चमधल्या दोन-तीन घरांनी त्या नंबरवर पैसे पाठवले, हे मला मागाहून कळलं.

काकींना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज लिहिते आहे. आमच्या प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी आणि न येणाऱ्यांसाठीही. बायबलात परचक्राच्या भीतीवर थेट बोललेलं भविष्यवचन आहे, ते यशयाच्या सातव्या आणि आठव्या अध्यायात. त्यात पुढच्या लढायांचं वेळापत्रक नाही. घाबरलेला माणूस काय करतो आणि त्याने काय करायला हवं, हे त्यात आहे. शांतपणे वाचलं तर कोणालाही कळेल.

इ.स.पूर्व 735 च्या सुमाराची गोष्ट. यहूदाच्या राज्यात, यरुशलेमात, आहाज नावाचा तरुण राजा होता. विशीत गादीवर आलेला. उत्तरेकडच्या दोन शेजाऱ्यांनी, अरामाचा रसीन आणि इस्राएलचा पेकह यांनी, एकजूट करून त्याच्यावर चाल केली. त्या दोघांना पूर्वेच्या बलाढ्य अश्शूरशी लढायचं होतं, आहाज त्यांच्यात सामील होत नव्हता, म्हणून त्याला हटवून ताबेलाच्या मुलाला गादीवर बसवायचा बेत होता. ही खबर यरुशलेमला पोचली तेव्हा राजाचं आणि लोकांचं काळीज वाऱ्यात रानातली झाडं हलावीत तसं हललं, असं वर्णन आहे. आपल्याला ते समजावून सांगायला नको. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं त्या दिवशी माड कसे वाकत होते ते आपण दारं लावून फटीतून पाहिलंय. झाड मोडेलच असं नाही, पण मुळापर्यंत हलतं.

हेही ध्यानात घ्या की आहाजची भीती खोटी नव्हती. 2 इतिहास या पुस्तकात म्हटलंय की त्या लढाईत यहूदाची हजारो माणसं मारली गेली, बायकामुलं धरून नेली. कोणी तुम्हाला "विश्वास असेल तर भीती वाटताच कामा नये" असं सांगू लागलं तर हे पान त्याच्यापुढे ठेवा. समुद्रातून धोका येऊ शकतो हे आपणही जाणतो. 1993 ची स्फोटकं रायगडच्या शेखाडीला उतरली होती आणि 2008 च्या नोव्हेंबरमध्ये मारेकरी मच्छीमारांच्याच बोटीतून मुंबईत आले होते.

आता यशया संदेष्टा राजाला भेटतो कुठे, ते पाहा. राजवाड्यात नाही, मंदिरातही नाही. वरच्या तळ्याचं पाणी ज्या पाटाने येतं त्याच्या टोकाशी, परटाच्या शेताच्या सडकेवर. कपडे धुवून वाळत घालायची ती जागा. वेढा पडणार असेल तर शहराचं पाणी किती दिवस पुरेल, हे राजा पाहत असणार, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यशयाने आपल्या लहान मुलालाही बरोबर नेलंय. मुलाचं नाव शआर-याशूब, म्हणजे उरलेले परत येतील. पाण्याची काळजी करणाऱ्या राजासमोर हे नाव घेऊन एक पोर उभं आहे. मला दर वेळी हे चित्र थांबवतं.

यशया त्याला आधी सावध राहायला सांगतो. मग शांत राहायला. मग भिऊ नकोस, धीर सोडू नकोस, असं. हा क्रम जपून वाचा. सावधपणा पहिला आहे. "देव आहे, काही होत नाही" म्हणून हातावर हात ठेवून बसायला तो सांगत नाही, आणि धावत सुटायलाही सांगत नाही.

मग तो शत्रूचं माप काढतो. हे दोन राजे म्हणजे धुमसणारी दोन कोलीतं, असं म्हणतो. पावसात ओली लाकडं चुलीत घातलेल्या कुठल्याही बाईला हे कळतं. धूर एवढा की डोळे उघडवत नाहीत, घरभर खोकला, पण त्यावर भात शिजत नाही. पेकहचं तर तो नावही घेत नाही, रमाल्याचा मुलगा एवढंच म्हणतो. अरामाचं डोकं दिमिष्क, दिमिष्काचं डोकं रसीन आणि रसीन म्हणजे एक माणूस. भीतीत शत्रू आभाळाएवढा होतो, म्हणून यशया त्याला पुन्हा माणसाएवढा करून दाखवतो. आणि झालंही तसंच. इ.स.पूर्व 732 मध्ये दिमिष्क पडलं, रसीन मारला गेला, पेकहलाही त्याच्याच माणसाने संपवलं. तीन वर्षांच्या आत दोन्ही कोलीतं विझली.

इथेच ती खूण येते जी आपण दर नाताळाला ऐकतो, इम्मानुएल नावाच्या बाळाची. देव आमच्याबरोबर आहे, असा त्या नावाचा अर्थ. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ते वचन येशूच्या जन्माशी जोडलं आणि आम्ही ख्रिस्ती ते तसंच मानतो. पण गोठ्यापुढे ते ऐकताना विसरू नका की पहिल्यांदा ते युद्धाच्या भीतीत, धोब्याच्या वाटेवर बोललं गेलं. त्यात मुदतही होती. या मुलाला बरं-वाईट कळू लागण्याआधी ज्या दोन राजांना तू भितोस त्यांची भूमी ओस पडेल. म्हणजे ते वचन आधी त्या घाबरलेल्या राजासाठी होतं. आजच्या बातमीला एखादं वचन चिकटवणारे ही पहिली गोष्टच गाळतात.

आणि आहाज काय म्हणाला? देवाकडे खूण माग, असं यशया म्हणाला तर तो म्हणाला, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. ऐकायला किती भक्तीचं वाक्य! मला वाटतं, त्याचं मनात आधीच ठरलं होतं. 2 राजे, अध्याय 16 काढा. तिथे लिहिलंय की त्याने मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-चांदी गोळा करून अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याला पाठवलं, मी तुझा दास, मला सोडव, असा निरोप देऊन. अश्शूरच्या राजाच्या लेखात खंडणी देणाऱ्यांच्या यादीत यहूदाच्या या राजाचं नाव आजही वाचता येतं. मग आहाज दिमिष्काला त्याला भेटायला गेला, तिथली वेदी पाहिली, तिचा नमुना उरिया याजकाकडे पाठवला आणि तशीच वेदी मंदिरात बांधून घेतली. पितळी बैलांवर उभं असलेलं मंदिरातलं मोठं गंगाळ खाली उतरवून बैल काढून घेतले. दोन लहान शेजाऱ्यांच्या भीतीने त्याने आधी तिजोरी दिली, मग मान दिली, मग देव्हाऱ्यातली भांडी दिली.

आठव्या अध्यायात यशया याला पाण्याचं रूप देतो. यरुशलेमला शिलोहाचं पाणी होतं, संथ, पाटातून हळूच येणारं. या लोकांना ते नकोसं झालं, म्हणून फरात नदीचा लोंढा येईल, काठ सोडून वर चढेल, यहूदाच्या गळ्यापर्यंत पोचेल. शिरोड्याच्या माणसाला यावर प्रवचन नको. मिठागरात खाडीचं पाणी तोंड उघडून हळूच आत घेतात, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडतात, ऊन त्याचं काम करतं, तेव्हा मीठ धरतं. उधाणाच्या पाण्याने बांध फुटला तर हंगाम गेला. पाणी दोन्हीकडे एकाच खाडीचं असतं.

आपल्या मुलखालाही हे नवं नाही. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या सावंतांनी बांधला, तो 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. रेडीचा गडही त्याच वर्षी त्यांच्या हाती गेला, पुढे वाडीकरांकडे परत आला आणि 1819 मध्ये इंग्रजांकडे गेला. मधल्या काळात वाडी आणि कोल्हापूर ही दोन शेजारची मराठी संस्थानं एकमेकांशी वर्षानुवर्षं झुंजली. 1812 मध्ये वाडीने वेंगुर्ला आणि कोल्हापूरने मालवण कंपनी सरकारला दिलं. एकाच वर्षी दोघांची बंदरं तिसऱ्याकडे. त्यामागे इतरही कारणं होती, चाचेगिरीची, पेशव्यांची. पण शेजाऱ्याकडे डोळे लावून बसलेल्यांना दर्यावरून येणारा दिसला नाही, हे खरं. रेडीच्या तटावर उभी राहिले की मला आहाज आठवतो.

यशयाचं म्हणणं पुढे शब्दाला शब्द खरं झालं. इस्राएलची राजधानी शोमरोन इ.स.पूर्व 722 मध्ये पडली आणि 701 मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर आला. आहाजने ज्याला वाचवायला बोलावलं तेच हे अश्शूर. आता यरुशलेमात आहाजचा मुलगा हिज्कीया राजा होता. सन्हेरीबाचा सरदार वेशीपुढे येऊन उभा राहिला ती जागा यशयाच्या छत्तिसाव्या अध्यायात मुद्दाम सांगितली आहे: वरच्या तळ्याच्या पाटाशी, परटाच्या शेताच्या सडकेवर. तीच जागा. तीसेक वर्षांपूर्वी जिथे बापाला शांत राहा म्हणून सांगितलं होतं, तिथेच मुलाच्या दारात लोंढा येऊन थांबला.

त्या सरदाराने काय केलं ते आजच्या माणसाने नीट वाचावं. त्याने एकही बाण सोडला नाही. तो बोलत राहिला. दरबारी माणसं म्हणाली, आमच्याशी अरामी भाषेत बोल, तटावरच्या लोकांना ऐकू जाईल. तर तो आणखी मोठ्याने, लोकांच्याच भाषेत ओरडू लागला, कारण त्याला लोकांच्याच कानांत भीती घालायची होती. तटावरची माणसं गप्प राहिली. राजाची आज्ञा होती, त्याला उत्तर देऊ नका. त्या एका गप्प राहण्याला मी फार मोठं शौर्य मानते.

हिज्कीयाने हात बांधून घेतले नव्हते. खडक फोडून शहरात पाणी आणणारा 533 मीटरचा बोगदा त्याच्या काळातला मानतात. दोन्ही टोकांकडून खोदत आलेल्या मजुरांना एकमेकांच्या हाका कशा ऐकू आल्या, हे सांगणारा कोरीव लेख 1880 मध्ये त्यात सापडला. शहर वाचलं. पण सगळं वाचलं असं समजू नका. सन्हेरीबाच्या लेखात यहूदाची 46 तटबंदीची गावं घेतल्याचं आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याचं लिहिलंय. लाखीश पडलं, तिथली माणसं पोराबाळांसह गाड्यांवरून नेली जात असल्याची शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शांत राहिलं की अंगाला ओरखडा येणार नाही, असं यशयाने कुठेही म्हटलेलं नाही. जो प्रवचनकार तशी हमी देतो, तो आपल्या खिशातलं देतो.

आता माझं सांगते. 8 मेच्या रात्री माझ्या फोनवर निरोप आला, वेळागरला अनोळखी होडी लागलीय, माणसं उतरलीत. मी तो तीन ग्रुपवर पुढे पाठवला. खात्री केली नाही. आठवा अध्याय मी पोरांना कितीदा शिकवलाय, त्यात देव यशयाला बजावतो की हे लोक ज्याला ज्याला कट म्हणतात त्याला तू कट म्हणू नकोस, त्यांच्या भीतीने तू भिऊ नकोस. तरी पाठवला. अर्ध्या तासात पंधरा-वीस तरुण किनाऱ्यावर होते. रापणीच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात तिथे त्यांनी दोघांना घेरलं. इंजिन बंद पडलं म्हणून उतरलेले नेपाळी खलाशी होते ते, एक तर मिसरूडही न फुटलेला. त्याने कार्ड काढून दाखवलं तर मोबाइलच्या उजेडात ते धरलेला हात इतका थरथरत होता की कोणाला वाचता येईना. होडीचा मालक धावत आला म्हणून निभावलं. सकाळी मी चहा घेऊन गेले. पोराने कप घेतला, दोन्ही हातांनी धरला, वर पाहिलं नाही. कानाखाली वळ होता.

आमचे पूर्वजही तेरेखोल ओलांडून रात्रीचेच इकडे आले, असं आमच्या घरात सांगतात. कशाच्या भीतीने, ते सांगणारे आता गेले. त्यांना कोणीतरी खळ्यात झोपू दिलं म्हणून मी आज शिरोड्याची.

तर माझं मागणं असं. पुन्हा तसे दिवस आले, आणि येतील, तर निरोप पुढे ढकलण्याआधी तो कोणी पाहिला हे विचारा. समुद्रावर खरंच काही संशयास्पद दिसलं तर 112 ला किंवा तटरक्षक दलाच्या 1554 ला फोन करा. पोलीस, सागर सुरक्षा दलातली पोरं, ज्यांचं ते काम आहे त्यांना कळवा. यशयाचा सावधपणा तो हाच. शेजारच्या आरवलीचा वेतोबा रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात. माझ्या हिंदू शेजाऱ्यांची ही श्रद्धा ऐकतच मी लहानाची मोठी झाले. राखणारा जागा आहे म्हणून गावाने झोपावं, यात यशयाला परकं वाटेल असं काही नाही. पाण्याची टाकी भरा, औषधं आणून ठेवा, बॅटरी चार्ज करा. पण भीतीच्या भरात दागिने मोडू नका, जमिनीचा कागद कोणाच्या हाती देऊ नका, आणि जगबुडीची तारीख सांगणाऱ्याला एक रुपया पाठवू नका. आहाजच्या तिजोरीला पाय फुटले ते अशाच घाईत.

आमच्या लोकांना आणखी एक. वचन फोनवर तुकड्याने वाचू नका. सातवा आणि आठवा अध्याय एका बैठकीत वाचा, जोडीला 2 राजे 16, आणि मग छत्तीस-सदतीस. जुनी भाषा अडली तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल घ्या, त्यात टिपा आहेत. पंडिता रमाबाईंनी तर खेड्यातल्या बायांना कळावं म्हणूनच केडगावला वर्षानुवर्षं बसून अख्ख्या बायबलाचं मराठी केलं. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आलं. एवढे कष्ट कोणी घेतले असताना आपण अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवर काळीज हलवून घ्यावं का?

रविवारी तिसऱ्या प्रहरी आम्ही चार-पाच जणं माझ्या पडवीत बसून यशया वाचतो. काकीही येतात. गेल्या वेळी कोलीताशी पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, ह्या आमच्या चुलीचाच सांगतासात." कोणीही या, कुठल्याही देवळातून या. पाऊस लागलाय आणि दिवे संध्याकाळचे जातात, तेवढी येताना बॅटरी आणा.